कच्च्या लिंबाचा न्याय

एका पावसाळ्यात आमच्या बालवाडीच्या भिंतीवर आम्ही एक निळा तक्ता लावला. त्याच्या एका बाजूला मोराचे चित्र होते, दुसऱ्या बाजूला पोपटाचे. वर्गातील मुलांचे आम्ही मोर आणि पोपट असे दोन गट केले. गट शांत बसला, रांग मोडली नाही, डबा उघडण्यापूर्वी हात धुतले, खेळणी जागच्या जागी ठेवली, की त्या गटापुढे एक सोनेरी चांदणी चिकटवायची. कोणी ढकलले, चावले, दुसऱ्याच्या हातातले हिसकावले, की एक चांदणी काढून घ्यायची. शनिवारी ज्या गटाच्या चांदण्या अधिक, त्या गटाला राजगिऱ्याची वडी. खेळच होता तो. पहिल्या आठवड्यातच वर्ग असा काही वळणावर आला, की शेजारच्या वर्गातील बाई मुद्दाम पाहून गेल्या. आम्हां चौघी शिक्षिकांना धन्य वाटले.

तिसऱ्या आठवड्यात मोरांच्या गटातील चार वर्षांचा एक मुलगा येईनासा झाला. ताप असेल म्हणून आम्ही दोन दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी आमच्यापैकी एक जण त्याच्या घरी गेली. त्याची आई म्हणाली, "बाई, तो रोज सकाळी दप्तर पाठीला लावतो आणि दारात बसून राहतो. म्हणतो, मी गेलो की मोर हरतात."

त्या वाक्याने आमची झोप उडवली. मुलगा दांडगा होता, हे खरे. हात चालवण्याची त्याला सवय होती. परंतु आम्ही त्याला न मारता, न रागावता, केवळ एका खेळाच्या आधारे अशा ठिकाणी नेऊन ठेवले होते, की आपण नसलेलेच बरे, असे त्याला चौथ्या वर्षी वाटू लागले. छडीनेही कदाचित एवढे साधले नसते.

प्रस्तुत लेख त्या निळ्या तक्त्यातून जन्माला आला आहे. लहान मुलांना खेळातून चांगले वागायला शिकवावे, हे तत्त्व आज कोणी नाकारत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाला पायाभूत स्तर मानून तेथील शिक्षण खेळावर आधारलेले असावे, असे म्हटले आहे. तथापि खेळ म्हणजे काय, आणि त्यातून आलेले चांगले वागणे खरोखर चांगले असते काय, हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्राचा नाही. तो नीतीचा आहे. म्हणून तो वाचकांसमोर मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आमच्या विरुद्ध बाजूचे म्हणणे ऐकू या. पहिला आक्षेप असा, की ज्या कृतीमागे बक्षिसाचा लोभ आहे ती कृती बाहेरून सदाचारासारखी दिसली तरी सदाचार नव्हे. वडीसाठी हात धुणारे मूल वडी संपल्यावर हात का धुईल? दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो. खेळ हा स्वतःसाठीच खेळला जातो. त्याला शिस्तीच्या कामाला जुंपले, की तो खेळ उरत नाही, कडू औषधावरची साखर होतो. मुलांना साखर आणि औषध यांतला भेद फार लवकर कळतो. म्हणजे एका आक्षेपानुसार आपण सदाचार बिघडवतो आणि दुसऱ्यानुसार खेळ बिघडवतो. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे, असे आमचा निळा तक्ता सांगतो.

मात्र ज्यांनी बालशिक्षणाचा पाया घातला, त्यांनी हा पेच पाहिलाच नव्हता असे नाही. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ साली बाट ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग असे नाव दिले. खेळ हा त्यांच्या लेखी वेळ घालवण्याचा उद्योग नव्हता; मुलाच्या अंतरंगात जे आहे ते बाहेर येण्याची ती वाट होती. प्रशियाच्या सरकारला ही बाग इतकी धोक्याची वाटली, की १८५१ मध्ये तिच्यावर बंदी आली. मुलांना मोकळे खेळू देणे ही गोष्ट सत्तेला निरुपद्रवी वाटत नाही, एवढे तरी त्यावरून दिसते.

मारिया मॉण्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. तेथील एक प्रसंग त्यांनी लिहून ठेवला आहे. एका मुलाच्या छातीवर हुशारीचे पदक लावलेले होते आणि दुसऱ्या मुलाला शिक्षा म्हणून खोलीच्या मध्यभागी खुर्चीवर बसवलेले होते. पहिला मुलगा आपल्या कामात गढून साहित्याची ने-आण करीत होता. येता-जाता त्याचे पदक गळून पडले. शिक्षा भोगणाऱ्याने ते उचलले आणि काय पडले ते त्याला दाखविले. पदकाच्या धन्याला त्याचे काही वाटले नाही. हवे तर तूच घे, असे सांगून तो कामाला निघून गेला, आणि शिक्षा झालेल्या मुलाने ते पदक स्वतःच्या छातीवर लावून समाधानाने पाहिले. ज्याला काम सापडले त्याला पदक नको होते. ज्याचे काम काढून घेतले त्यालाच पदकाची भूक होती. आमच्या चांदण्यांसंबंधी याहून नेमके भाष्य आम्हांला आढळलेले नाही.

त्याच मॉण्टेसरीबाईंचा एक खेळ आहे, शांततेचा. एकदा त्या चार महिन्यांचे तान्हे बाळ घेऊन वर्गात आल्या आणि हे बाळ किती शांत आहे, तुमच्यापैकी कोणाला असे होता येईल का, असे त्यांनी हसत विचारले. मुले हलायची थांबली. श्वाससुद्धा हळू घेऊ लागली. पुढे या खेळाला रूप आले: सर्वांनी डोळे मिटून निःशब्द बसायचे, बाई शेजारच्या खोलीतून एकेकाचे नाव कुजबुजत घेणार, ज्याचे नाव ऐकू येईल त्याने पावलांचा आवाज न करता तिकडे जायचे. या खेळात चांदणी नाही, वडी नाही, जिंकणे-हरणे नाही. आपले नाव कोणीतरी हळूच घेते आहे, हेच त्याचे बक्षीस.

परंतु हा खेळ कोणीही कोठेही उचलून लावला की यशस्वी होतो, असे नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका यांनी 'दिवास्वप्न' या पुस्तकात एका शिक्षकाची कल्पित कथा सांगितली आहे. तो उत्साही शिक्षक पहिल्याच दिवशी वर्गात शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि त्याची फजिती होते. मुले आरडाओरडा करतात. मग तो उमजतो, की आधी मुलांशी नाते जुळायला हवे. तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग आपोआप शांत होतो. खेळ म्हणजे कळ दाबली की चालणारे यंत्र नव्हे, असे गिजुभाईंनी त्यातून दाखविले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे काम महाराष्ट्रात आणले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी निघाली. मुले गुरे चारायला जातात, तर शाळाही कुरणावर न्यावी, यातून कुरणशाळा निघाली. आम्ही वसईच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना बोर्डी-कोसबाड काही परके नाही. तरीही त्यांचा मूळ विचार, म्हणजे मुलाला शाळेजोगे करण्यापूर्वी शाळेला मुलाजोगे करणे, आम्ही चांदण्यांच्या नादात विसरलो होतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. खेळातून सदाचार शिकता येतो काय? येत असेल तर कशामुळे?

सर्वसाधारण समजूत अशी, की खेळ म्हणजे मोकळीक आणि नियम म्हणजे बंधन. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३३ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात ही समजूत उलटी केली. नियमावाचून खेळ नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. भातुकलीत आई झालेली मुलगी वाटेल तशी वागत नाही. आईने जसे वागायचे असते तशीच ती वागते. दोन सख्ख्या बहिणी 'बहिणी-बहिणी' खेळू लागल्या, तर एरवी ज्याकडे त्यांचे लक्षही नसते ते बहीणपण त्या जाणूनबुजून पाळू लागतात, हे त्यांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. खेळणारे मूल आपल्या नित्याच्या वागण्यापेक्षा जणू एका डोक्याने उंच होते, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे १९४८ साली मानुइलेंको या संशोधक बाईंनी लहान मुलांना न हलता उभे राहण्यास सांगून पाहिले. नुसते उभे राहा म्हटले, तर मुले लवकर चुळबुळू लागत. तू पहारेकरी आहेस, असे म्हटले, की तीच मुले कितीतरी अधिक वेळ ताठ उभी राहत.

आमच्याकडे 'शिवाजी म्हणतो' हा खेळ न खेळलेले मूल सापडणे कठीण. 'शिवाजी म्हणतो, हात वर' म्हटले तर हात वर करायचे. नुसते 'हात वर' म्हटले तर करायचे नाहीत. या खेळात मूल काय करते? उसळी मारून आलेल्या इच्छेला क्षणभर थोपवते, ऐकते, ठरवते आणि मग हलते. 'स्टॅच्यू' म्हटल्याबरोबर धावता धावता थिजणारे मूलही तेच करते. कोणाच्या अंगावर हात टाकण्यापूर्वी जो एक क्षण थांबावे लागते, तोच हा क्षण. मोठ्यांच्या भाषेत त्याला आत्मसंयम म्हणतात. माणूस न्यायाची कृत्ये करीत करीतच न्यायी होतो, हे ॲरिस्टॉटलने फार पूर्वी सांगितले. सद्गुण ही सवय आहे आणि सवय ही कृतीतून लागते. ज्या वयात उपदेश कळत नाही, त्या वयात ती कृती मुलाकडून आनंदाने कोण करवून घेईल? खेळच.

तेव्हा पहिल्या आक्षेपाचे उत्तर मिळते, पण अर्धेच. पहारेकरी झालेले मूल ताठ उभे राहते, ते वडीसाठी नव्हे. उभे राहणे हाच त्याचा खेळ आहे. नियम खेळाच्या आत आहे आणि आनंद त्या नियमातच आहे. आमच्या निळ्या तक्त्यावर मात्र नियम एकीकडे होता आणि आनंद दुसरीकडे. शांत बसणे हा मोर-पोपटांचा खेळ नव्हता. ती किंमत होती, आणि वडी हा माल होता. आम्ही ज्याला खेळ म्हणत होतो तो बाजार होता.

या बाजाराचे परिणाम तपासले गेलेले आहेत. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी संशोधकांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत एक प्रयोग केला. चित्रे काढण्याची आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता चित्र झाल्यावर ते दिले, आणि काहींना काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा रंग ठेवले, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेल्या मुलांनी चित्रांत घालवलेला वेळ इतरांच्या सुमारे निम्मा भरला. जे स्वतःच्या आनंदासाठी होते ते मोबदल्याचे काम झाले, आणि मोबदला थांबताच काम ओसरले. २००८ मध्ये वॉर्नेकन आणि टोमासेलो यांनी वीस महिन्यांच्या बालकांवर तसाच प्रयोग केला. मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून देण्याची वृत्ती त्या वयातही असते. तिच्याबद्दल खेळणे बक्षीस मिळालेली बालके पुढे इतरांपेक्षा कमी मदत करू लागली.

हे वाचले तेव्हा आम्हांला आमच्या वर्गातील एक मुलगी आठवली. अंगणात एक मूल पडले. ती धावली, त्याला उठवले, त्याचे गुडघे झाडले, आणि मग मान वर करून आमच्याकडे पाहत म्हणाली, "बाई, बघितलंत?" तक्ता लावण्यापूर्वी ती असे विचारीत नसे. तिची दया तीच होती. परंतु तिला आता साक्षीदार लागत होता.

तथापि न्याय दोन्ही बाजूंना हवा. चांदण्यांच्या खेळाला आधार नाही असे कोणी समजू नये. १९६९ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात बॅरिश, साँडर्स आणि वुल्फ यांनी चौथीच्या वर्गात 'चांगल्या वागणुकीचा खेळ' म्हणून जो प्रयोग केला, त्यात वर्गाचे असेच दोन संघ होते आणि नियम मोडला की फळ्यावर खूण होई. वर्गातील गोंधळ झपाट्याने कमी झाला. पुढे बाल्टिमोर शहरात १९८० च्या दशकात पहिलीच्या वर्गांत हा खेळ खेळलेल्या मुलांकडे संशोधकांनी ती तरुण होईपर्यंत लक्ष ठेवले. सुरुवातीला फार आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये व्यसनांचे प्रमाण त्यामुळे घटल्याचे त्यांना दिसले. ही लहान गोष्ट नव्हे. एकट्या शिक्षिकेपुढे चाळीस मुले असतील आणि हातात छडी किंवा चांदणी एवढाच पर्याय असेल, तर चांदणीच घ्यावी, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. शाळेतील शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली. तो कायदा सहा वर्षांपुढील मुलांचा असला, तरी त्याचे वारे बालवाडीपर्यंत पोहोचले, हे चांगलेच झाले.

परंतु १९६९ च्या त्या प्रयोगाच्या वृत्तांतात एक तपशील आहे, आणि आम्ही तेथे थबकलो. एका संघातील दोन विद्यार्थ्यांनी, आम्ही यापुढे खेळणार नाही, असे जाहीर केले. दोघांसाठी सगळ्या संघाला शिक्षा होणे बरोबर नाही, असे शिक्षिकेला आणि मुलांनाही वाटले. तेव्हा त्या दोघांना खेळातून वगळण्यात आले आणि त्यांच्या नावच्या खुणा त्यांच्यापुरत्या उरल्या. चौथीतील मुले निदान तोंडाने सांगू शकली. आमचा चार वर्षांचा मोर काही न बोलता दारात बसून राहिला.

येथे प्रश्नाचे दुसरे अंग उघडे पडते. चांगल्या वागण्याचा खेळ परिणामकारक आहे काय, एवढेच विचारून भागत नाही. त्यात जो सर्वांत दुबळा आहे त्याचे काय होते, हेही विचारावे लागते. ज्या मुलाला संयम सर्वांत कठीण जातो त्यालाच आपण त्या खेळाची खरी गरज आहे म्हणतो, आणि गटाच्या हारजितीचे ओझे त्याच्याच खांद्यावर ठेवतो. मग बाकीची मुले त्याच्याकडे मित्र म्हणून पाहत नाहीत, गेलेली चांदणी म्हणून पाहतात. आम्ही दयाळूपणा शिकवायला निघालो होतो आणि वीस मुलांना एकाचा तिरस्कार करायला शिकवून बसलो.

या अडचणीतून आम्हांला वाट दाखवली ती ग्रंथांनी नव्हे, अंगणातल्या मुलांनी. आपल्या मुलांच्या खेळांत काही शब्द आहेत. ते आपण सगळे लहानपणी वापरतो आणि मोठेपणी विसरतो. पहिला शब्द 'कच्चा लिंबू'. खेळ मोठ्या मुलांचा असतो आणि धाकटे भावंड हट्ट धरून मागे लागते. त्याला घरी पाठवत नाहीत आणि त्याच्यासाठी खेळही थांबवत नाहीत. तो कच्चा लिंबू ठरतो. तो धावतो, लपतो, ओरडतो. परंतु पकडला गेला तरी बाद होत नाही आणि त्याच्यामुळे कोणाचा डाव जात नाही. गुणवत्तेचा विचार केला तर त्याला खेळात जागा नाही. तरीही तो आत आहे, कारण तो आपला आहे. आणि आतच राहिल्यामुळे तो एक दिवस खेळ शिकतो आणि पक्का होतो. कोणत्याही समितीने हा नियम केलेला नाही. द्राक्षमळ्यात संध्याकाळी आलेल्या कामकऱ्यालाही पुरती मजुरी देणाऱ्या धन्याचा दाखला आम्ही लहानपणापासून ऐकतो आणि तो धनी अन्यायी कसा नाही, हे समजून घेण्यात आयुष्य घालवतो. मुलांना तो न्याय अंगणातच समजलेला असतो.

दुसरा शब्द 'राज्य'. ज्याने इतरांना शोधायचे किंवा पकडायचे त्याच्यावर आपण 'राज्य आले' म्हणतो. मराठीने एका ओझ्याला केवढे मोठे नाव दिले आहे! आणि हे ओझे कोणावर कायमचे राहत नाही. आज याच्यावर, थोड्या वेळाने त्याच्यावर. खेळातले हरणे ही पाळी आहे, डाग नव्हे. तिसरा शब्द 'डाव'. डाव संपतो आणि नवा डाव कोऱ्या पाटीने सुरू होतो; कालच्या डावातला बाद आजही बाद आहे, असे कोणी म्हणत नाही. चौथा शब्द 'टाइम प्लीज'. मूठ ओठांशी नेऊन तो उच्चारला, की दमलेल्याला कोणी हात लावत नाही. म्हणजे दुबळ्याला सामावून घेणे, ओझे वाटून घेणे, क्षमा करून नव्याने आरंभ करणे आणि दुसऱ्याच्या 'नाही'चा मान राखणे, एवढी नीती मुलांच्या खेळांत आम्ही न शिकवताच नांदत होती. आमच्या निळ्या तक्त्यात यांपैकी एकही गोष्ट नव्हती. तेथे कच्चा लिंबू नव्हता, राज्य फिरत नव्हते, उणे झालेली चांदणी शनिवारपर्यंत उणीच राहत होती आणि 'टाइम प्लीज' म्हणायची सोय नव्हती, म्हणून त्या मुलाने घरी राहून ते म्हटले.

जाँ पियाजे यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जिनिव्हा आणि न्यूशातेल येथील गोट्या खेळणाऱ्या मुलांकडून त्यांच्या नियमांविषयी जाणून घेतले होते. लहान मुलांना नियम हे वडीलधाऱ्यांकडून आलेले, अढळ वाटतात. मोठी होता होता त्यांना उमगते, की नियम हे परस्परांच्या संमतीने चालतात आणि म्हणूनच पाळायचे असतात. पहिल्या अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत मूल जाते ते बरोबरीच्या मुलांशी खेळता खेळता, भांडता भांडता, मिटवता मिटवता. आम्ही मात्र पंच होऊन बसलो होतो. सगळे खटले आमच्याकडे येत आणि आम्ही चांदणी देऊन किंवा काढून निकाल लावत होतो. मुलांना मिटवण्याची संधीच नव्हती.

येथे डॉन बॉस्को यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १८१५ साली इटलीत जन्मलेला हा धर्मगुरू बालपणी दोरीवर चालून आणि हातचलाखी करून गावकरी गोळा करी. मात्र त्या खेळांसोबत प्रार्थना आणि चर्चमधल्या प्रवचनाची उजळणी असे. काटेकोर टीकाकार यालाही आमिष म्हणेल. परंतु त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहिले, तर त्यांचा खेळ म्हणजे आमिष नव्हते, सहवास होता, असे ध्यानात येते. विवेक, धर्म आणि प्रेमळपणा या तीन पायांवर त्यांनी आपली शिक्षणपद्धती उभी केली. १८८४ मध्ये रोमहून आपल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक दुःख व्यक्त केले: पूर्वी शिक्षक मुलांबरोबर पटांगणात खेळत, आता ते बाजूला उभे राहून नजर ठेवतात. मुलांवर नुसते प्रेम असून पुरत नाही, ते मुलांना जाणवले पाहिजे, असा त्या पत्राचा गाभा आहे. तक्त्याशेजारी चांदण्यांची डबी घेऊन उभ्या राहिलेल्या आम्ही चौघी त्या पत्रात आम्हांला स्पष्ट दिसलो.

खेळ बिघडतो, या दुसऱ्या आक्षेपाला संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच उत्तर देऊन ठेवले आहे. शरीराला जशी विश्रांती लागते तसा मनाला खेळ लागतो, आणि योग्य खेळकरपणा हा सद्गुण आहे, असे ते मानत. जो स्वतः कधी खेळत नाही आणि इतरांच्या खेळाचा विरस करतो, त्याच्या ठायी त्यांना दोष दिसे. तेव्हा खेळ हे सदाचाराचे निव्वळ साधन नाही. खेळकर असणे हाच सदाचाराचा एक भाग आहे. मुलांना खेळातून चांगले करायचे, या विचारात थोडी दुरुस्ती हवी. मुलांबरोबर आपणही चांगले खेळायचे.

आम्ही तक्ता काढला. पुढे काय केले ते थोडक्यात सांगतो. त्यात चमत्कार नाही. शनिवारी वडी सगळ्यांना मिळू लागली, कारण शनिवार असतो म्हणून. सकाळी शांततेचा खेळ, मध्ये 'शिवाजी म्हणतो', आणि कधी शिवाजी होण्याची पाळी मुलांची, हुकूम पाळण्याची आमची. खेळणी आवरताना आम्ही मुंग्या होतो आणि एका ओळीने दाणे वारुळात नेतो. त्या मुंग्यांत आम्ही चौघीही असतो. भांडण झाले, की दोन बाहुल्या तेच भांडण भांडतात आणि आता या बाहुल्यांनी काय करावे, असे मुलांना विचारतो. मुलांचा निवाडा पुष्कळदा आमच्यापेक्षा सौम्य असतो. नव्या खेळात ज्याला सुरुवातीला जड जाईल तो कच्चा लिंबू, असे आम्ही आधीच जाहीर करतो. कधी कधी आमच्यापैकीच एक जण कच्चा लिंबू होते.

कोणताही खेळ वर्गात आणण्यापूर्वी आता आम्ही स्वतःला तीन प्रश्न विचारतो. बक्षीस काढून घेतले तरी मुले हा खेळ खेळतील काय? सर्वांत कच्च्या मुलाचे या खेळात काय होईल? आणि एखादे मूल 'मी खेळत नाही' म्हणाले, तर त्याचे प्रेम आणि त्याची जागा शाबूत राहील काय? तिन्हींचे उत्तर समाधानकारक नसेल, तर तो खेळ कितीही परिणामकारक असला तरी आम्ही बाजूला ठेवतो.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. सगळ्याच गोष्टींचा खेळ करू नये. एका मुलाने दुसऱ्याला दगड मारला आणि रक्त आले, तर तेथे मोर-पोपट नको आणि बाहुल्याही नकोत. खाली वाकून, त्याच्या डोळ्यांत पाहून, "त्याला लागलंय. तो रडतोय," एवढे सांगावे आणि त्याला ओली पट्टी धरायला द्यावी. दुसऱ्याचे दुःख हा खेळ नव्हे, हे ज्याला खेळता येते त्याला अधिक चांगले समजते. कारण 'खोटं खोटं' आणि 'खरं खरं' यांतली रेषा तो रोज ओढत असतो. मोठ्यांनी ती पुसू नये.

आणि तो मुलगा? आमच्यापैकी दोघी त्याच्या घरी गेलो आणि तक्ता काढल्याचे सांगितले. त्याने विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी आईचा हात धरून तो आला, दारातूनच भिंतीकडे पाहिले आणि मग आत आला. तो अजूनही ढकलतो. पूर्वीपेक्षा थोडे कमी ढकलतो, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येईल. परवा अंगणात लपंडाव चालला होता आणि राज्य त्याच्यावर होते. खांबाला तोंड लावून तो मोठ्याने अंक म्हणत होता, मधले दोनतीन गाळून. म्हणून होताच वळला, आणि सर्वांत लहान मुलगी अजून मधोमध, कोठे लपावे ते न सुचून उभी होती. पूर्वीचा असता तर त्याने झडप घातली असती. तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "ती कच्चा लिंबू आहे," आणि पुन्हा खांबाकडे तोंड करून पहिल्यापासून मोजू लागला.

आमच्याकडे कोणी पाहिले नाही. पाहिले असते तरी आमच्याजवळ द्यायला चांदणी नव्हती.